चेंडू येत नाही त्या बाजूला

फोन खिशात ठेवा, तो इथे चालणार नाही. साल 1980, उन्हाळा. तुम्ही अमेरिकेत आहात, ओहायो राज्याच्या उत्तर भागात, फ्रीमाँट नावाच्या गावात. टोलीडो एका अंगाला, क्लीव्हलंड दुसऱ्या अंगाला आणि मधून सँडस्की नदी. वस्ती सतरा-अठरा हजारांची. गावाला अभिमान बाळगायला दोन गोष्टी आहेत. एक, अमेरिकेचे एकोणिसावे राष्ट्राध्यक्ष रदरफर्ड हेज इथले. त्यांचा वाडा आणि 1916 मध्ये उघडलेलं त्यांचं ग्रंथालय अजून दाखवतात. दुसरी, हाइन्झचा केचपचा अवाढव्य कारखाना. तिसरी गोष्ट आत्ता तुमच्या समोरून चालत चालली आहे, पण गावाला तिचा पत्ता नाही.

तो पोरगा चार वर्षांचाही झालेला नाही. चालणं जरा अवघडलेलं. जन्मला तेव्हा त्याची दोन्ही पावलं आत वळलेली होती. ती सरळ व्हावीत म्हणून त्याच्या पायांत खास बनवलेले बूट आहेत. बरोबरीची मुलं पुढे पळतात, हा मागे राहतो. आई जॉर्जिया वुडसन नोकरी करून एकटीने तीन मुलं वाढवते आहे; हा सगळ्यांत धाकटा, चार्ल्स. त्याला हाक मारून भविष्य सांगण्याचा मोह आवरा. तुम्हाला इथे कोणी पाहू शकत नाही आणि ऐकूही शकत नाही. प्रवासाची अट तीच आहे.

चौदा वर्षं पुढे या. 1994 ची शरद ऋतूतली एक शुक्रवार संध्याकाळ. अमेरिकेच्या या भागात शुक्रवारची संध्याकाळ शाळेच्या फुटबॉलची असते, आणि त्या वेळेला कोणी लग्नाचा मुहूर्तही काढत नसावं. (हा फुटबॉल म्हणजे आपला नव्हे. अंडाकृती चेंडू, तो बहुतेक वेळ हातात, आणि दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी. एवढं कळलं की पुरे.) फ्रीमाँट रॉस हायस्कूलचा संघ स्वतःला ‘लिटल जायंट्स’ म्हणवतो. तुम्ही फळीवर दाटीवाटीने बसला आहात आणि आजूबाजूचा प्रत्येक माणूस एकाच मुलाकडे बोट दाखवतो आहे.

मघाशी मागे पडणारा तोच. आता तो चेंडू काखेत दाबून धावतो आणि बाकीचे मागे पडतात. शाळेच्या कारकिर्दीत तो एकूण 3,861 यार्ड धावणार आहे. हिशेब केलात तर साडेतीन किलोमीटर, आणि तेही दर पावलाला कोणी ना कोणी अंगावर झेप घेत असताना. गुण 466. त्यांतले 2,028 यार्ड आणि 230 गुण या एका शेवटच्या वर्षातले. वर्षअखेरीला त्याला ओहायोचा ‘मिस्टर फुटबॉल’ किताब मिळेल. चेंडू दुसऱ्या संघाकडे गेला की तो मैदान सोडत नाही, उलट्या बाजूने उभा राहून बचावही करतो. पण फळीवरचे लोक त्या वेळात हॉटडॉग आणायला उठतात. हे लक्षात ठेवा. आपली पुढची सगळी गोष्ट या उठून जाण्याबद्दल आहे.

गाव त्याच्यावर खूश आहे आणि थोडं रागावलेलंही. ओहायोतला असा मुलगा कोलंबसला, ओहायो स्टेट विद्यापीठात जायचा, असा अलिखित नियम. हा मात्र निघाला मिशिगनला. या दोन राज्यांनी टोलीडोच्या पट्ट्यासाठी 1835 मध्ये एकमेकांविरुद्ध सशस्त्र माणसं उभी केली होती. शेवटी टोलीडो ओहायोला गेलं. बंदुका खाली ठेवल्या तरी वैर मिटलं नाही, ते फुटबॉलात उतरलं. मात्र फ्रीमाँटने फितुरी आधीही पाहिली आहे. याच शाळेतला रॉब लिटल मिशिगनला गेला आणि 1976 च्या हाइस्मन ट्रॉफीच्या, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूच्या किताबाच्या मतदानात तिसरा आला. चार्ल्सचा जन्म त्याच वर्षातला, 7 ऑक्टोबरचा.

आता ॲन आर्बर, मिशिगन विद्यापीठाचं गाव. फ्रीमाँटहून गाडीने दीड-दोन तास. हे गाव तुमच्या ओळखीचं असेल. शेजारच्या कोणाचा तरी मुलगा किंवा मुलगी तिथे एम. एस. करून आलेली असते. पण प्रयोगशाळांच्या दिशेने वळू नका. सरळ स्टेडियमकडे चला. 1927 मध्ये बांधलेलं हे मैदान जमिनीत खोदून खाली नेलेलं आहे, त्यामुळे 1995 साली बाहेरून ते बेताचंच दिसतं. दारातून आत पाऊल टाकलं की पायाखाली एक लाखाहून जास्त आसनांचा उतार सुरू होतो.

संघाची अवस्था नाजूक आहे. आधीचे प्रशिक्षक गॅरी मोलर मे महिन्यात पायउतार झाले आणि सहायक म्हणून पंधरा वर्षं राबलेल्या लॉइड कार यांच्या हाती तात्पुरता कारभार दिला गेला आहे. ‘तात्पुरता’ हा शब्द नोव्हेंबरात काढला जाईल, पण ऑगस्टमध्ये ते कारना माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे, गप्प राहा. पहिला सामना व्हर्जिनियाशी, 26 ऑगस्टला. मिशिगन तो शेवटच्या क्षणी 18-17 असा जिंकतं. दुसऱ्या सामन्यापासून फ्रीमाँटचा अठरा वर्षांचा पोरगा सुरुवातीच्या अकरांत उभा राहतो, पण चेंडू घेऊन धावायला नव्हे. तो आता कॉर्नरबॅक आहे.

ही जागा समजून घ्यायची तर कबड्डी आठवा. चढाईपटूचं नाव होर्डिंगवर लागतं. कोपऱ्यात उभा असलेला गडी त्याच्या पायावर डोळा ठेवून वाट बघतो. त्याने चूक केली की सगळं मैदान बघतं आणि तो चोख उभा राहिला तर चढाई त्याच्या बाजूला येतच नाही. कॉर्नरबॅकचंही असंच. समोरचा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, कुठे पळणार हे रिसीव्हरला ठाऊक असतं, पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला ठाऊक असतं, फक्त याला नसतं. तरी याने पाठमोरं धावायचं, समोरच्याच्या कमरेकडे बघायचं, ती वळली की त्याच निमिषात आपली वळवायची आणि चेंडू येईल तेव्हा तिथे असायचं. हे काम उत्तम झालं तर क्वार्टरबॅक त्या बाजूला चेंडू फेकायचं सोडून देतो. मग आकडेवारीत त्याच्या नावापुढे काहीच चढत नाही. सर्वोत्तम कॉर्नरबॅकचा दिवस कागदावर कोरा असतो.

वुडसनचा कागद कोरा राहात नव्हता, ही वेगळी भानगड. पहिल्याच वर्षी त्याने समोरच्याचे पाच पास हवेतच पळवले. त्यांतले दोन बघायला आपण 25 नोव्हेंबर 1995 ला थांबू. ओहायो स्टेट अपराजित, अकरापैकी अकरा सामने जिंकलेलं, देशात दुसऱ्या क्रमांकावर. त्यांच्याकडे एडी जॉर्ज आहे, ज्याला तीन आठवड्यांत हाइस्मन मिळणार. आणि टेरी ग्लेन आहे, ज्याने सामन्याआधी मिशिगनला किरकोळीत काढलं होतं. ग्लेनच्या समोर वुडसन. दोन पास तो चोरतो, दुसरा अगदी शेवटी, ओहायो स्टेटची उरलीसुरली आशा संपवणारा. मिशिगन 31-23 असं जिंकतं. पण संध्याकाळी चर्चा ऐका: सगळ्यांच्या तोंडी टिम बियाकाबुटुका. त्याने त्या दिवशी चेंडू घेऊन 313 यार्ड धाव घेतली. बरोबरच आहे, 313 यार्ड म्हणजे थट्टा नव्हे. वुडसनला बिग टेन या विद्यापीठांच्या गटातला वर्षाचा सर्वोत्तम नवखा खेळाडू निवडलं गेलं.

1996 वर फार वेळ घालवायला नको. आणखी पाच चोऱ्या, देशाच्या सर्वोत्तम संघात नाव आणि कोलंबसला जाऊन ओहायो स्टेटवर पुन्हा विजय, 13-9. एक बदल मात्र महत्त्वाचा. कार आणि त्यांचे सहायक त्याला अधूनमधून आक्रमणातही उतरवू लागले, पास झेलायला. चेंडू पुन्हा त्याच्या हातात येऊ लागला.

25 ऑक्टोबर 1997. ईस्ट लान्सिंग, मिशिगन स्टेट विद्यापीठाचं मैदान. इथे जरा कडेच्या पांढऱ्या रेषेजवळ उभे राहा, कारण पुढचं दोन सेकंदांत संपतं.

मिशिगन स्टेटचा क्वार्टरबॅक टॉड शुल्ट्झ पास द्यायला माणूस शोधतो आहे. कोणी मोकळं नाही. अंगावर लोक धावून येताहेत. अशा वेळी शहाणा क्वार्टरबॅक चेंडू रेषेबाहेर, प्रेक्षकांच्या दिशेने भिरकावून देतो. नुकसान नाही, फायदा नाही, पुढची संधी घ्यायची. शुल्ट्झ शहाणपणाने तेच करतो. चेंडू उंच, रेषेपलीकडे चालला आहे. तुमचीही नजर त्याच्यावरून उठली. मग एक पांढरी जर्सी मागच्या मागे उडी मारते. तुम्हाला वाटतं, उगाच. वुडसनचं अंग पूर्ण ताणलेलं, एकच हात वर, आणि तो हात चेंडूच्या मागे नव्हे तर वर पोचतो. चेंडू तळव्यात चिकटतो. खाली येताना तो पाय आतल्या बाजूला ठेवतो, मग कोलमडून बाहेर पडतो. कॉलेजच्या नियमात एक पाय आत पडला तरी भागतं. पंच खाली बघतात, खूण देतात: झेल वैध.

तुमच्या शेजारी मिशिगन स्टेटचा हिरवा कोट घातलेला एक गृहस्थ हसतो आहे, काही सुचेनासं झालं की माणूस हसतो तसा. क्वार्टरबॅकने चूक केलेली नाही. खेळात अशी जागाच उरली नव्हती की जिथे चेंडू फेकला तर तो सुरक्षित राहील. त्या दुपारी वुडसनने दोन आणि मिशिगनच्या बचावाने एकूण सहा पास चोरले, सामना 23-7. माझ्या मते हाइस्मन ट्रॉफीचा निकाल इथे लागायला हवा होता. लागला तो चार आठवड्यांनी, आणि वेगळ्या कारणाने.

मधले सामने धावतच बघू. 8 नोव्हेंबरला पेन स्टेटच्या मैदानावर मिशिगन 34-8 असं जिंकतं. वुडसन तिथे 37 यार्डांचा टचडाउन झेलतो (टचडाउन म्हणजे चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेणं). पुढच्या शनिवारी विस्कॉन्सिनमध्ये तो चक्क पास फेकतो, आणि तो झेलतो कोण, तर स्वतः क्वार्टरबॅक ब्रायन ग्रिझी, 28 यार्डांचा. गंमत म्हणून ठीक, पण यातून वर्तमानपत्रांना मथळे मिळू लागले होते आणि टीव्हीला चित्रफिती.

22 नोव्हेंबर. पुन्हा ॲन आर्बर, पुन्हा ओहायो स्टेट. कानटोपी आणली असेल तर घाला. वाटेत दुकानांत दोन क्रमांकाची निळी जर्सी टांगलेली दिसेल. घेऊ नका म्हणत नाही, पण तो दोन आकडा ज्याच्या पाठीवर आहे त्याला त्यातला एक सेंटही मिळणार नाही. कॉलेजच्या खेळाडूने स्वतःच्या नावावर पैसे कमवायचे नाहीत, असा तेव्हाचा नियम. तो सैल व्हायला 2021 साल उजाडावं लागेल.

मिशिगन दहा सामने खेळून अपराजित आणि देशात पहिल्या क्रमांकावर. ओहायो स्टेट चौथ्या. बाकड्यावर लाखाच्या गर्दीत तुमचे खांदे दोन्ही बाजूंनी दाबलेले. आधी वुडसन आक्रमणात येऊन 37 यार्डांचा पास झेलतो, त्यातून पहिला टचडाउन होतो. मग दुसऱ्या सत्रात ओहायो स्टेट पंट मारतं, म्हणजे चेंडू लाथाडून दूर पाठवतं. तो घ्यायला मागे एकटा वुडसन. झेल घेतो, क्षणभर थबकतो, कडेकडे वळतो. समोरचे लोक जवळ येतात आणि एकेक करून त्याच्या साथीदारांच्या अंगावर आपटून खाली बसतात. रेषेच्या कडेने एक वाट उघडते. 78 यार्ड. शेवटचे वीस-पंचवीस तो एकटाच आहे. टचडाउननंतर सगळा संघ त्याच्यावर कोसळतो आणि तुमच्या ओळीतली अनोळखी माणसं तुम्हाला मिठी मारतात. (दिसत नाही म्हटलं होतं, पण या क्षणी कोण बघतंय!)

मध्यांतरानंतर ओहायो स्टेट मिशिगनच्या टचडाउन क्षेत्राच्या तोंडाशी पोचतं. पास फेकला जातो, आणि तो वुडसनच्या हातात येतो. झेल, धाव, चोरी: एकाच सामन्यात तिन्ही. हे ऐकायला परिपूर्ण वाटतं, म्हणून एक गोष्ट मुद्दाम बघून ठेवा. डेव्हिड बॉस्टन हा ओहायो स्टेटचा रिसीव्हर आठवडाभर बडबडत होता, आणि मैदानातही दोघांची जुंपलेली आहे. तोच बॉस्टन एकदा वुडसनच्या तावडीतून सुटून 56 यार्डांचा टचडाउन करतो. कॉर्नरबॅकचं एक चुकलं पाऊल एक लाख लोकांना दिसतं. निकाल 20-14, मिशिगन. मैदानावर गर्दी उतरते आणि वुडसन दातांत गुलाब धरून फिरतो, कारण आता रोझ बोल या नव्या वर्षाच्या सामन्याचं आमंत्रण पक्कं झालं आहे.

13 डिसेंबर 1997, न्यूयॉर्क, डाउनटाउन ॲथलेटिक क्लब. ट्रॉफी जवळून बघा. ब्राँझचा एक खेळाडू, एका काखेत चेंडू, दुसरा हात पुढे ताठ, अंगावर येणाऱ्याला ढकलायला. ज्याला ढकलायचं तो बचावपटू पुतळ्यात नाहीच. 1935 पासून हा पुरस्कार चेंडू बाळगणाऱ्यांना मिळत आला आहे.

खुर्च्यांवर चौघे. टेनेसीचा पेटन मॅनिंग: मोठ्या क्वार्टरबॅकचा मुलगा, व्यावसायिक संघांचे पैसे नाकारून शेवटच्या वर्षासाठी विद्यापीठात थांबलेला. सगळ्यांनी त्याला वर्षाच्या सुरुवातीलाच विजेता ठरवलं होतं. वॉशिंग्टन स्टेटचा रायन लीफ. मार्शलचा रँडी मॉस. आणि वुडसन. नाव पुकारलं जातं तेव्हा मॅनिंगचा चेहरा बघू नका, तो तसाही काही दाखवणार नाही. वुडसन 1,815 गुण, मॅनिंग 1,543. मतांची देशात सहा विभागांत मोजणी होते. त्यांतल्या पाचांत वुडसन पुढे, फक्त दक्षिणेत मॅनिंग. टेनेसीत अजूनही हा विषय काढला तर कॉफी थंड होते. मुख्यतः बचावात खेळणाऱ्या खेळाडूला हाइस्मन मिळण्याची ही पहिलीच वेळ.

टेनेसीकरांची तक्रार पूर्ण खोटी नाही. मतदारांनी बचावपटूला निवडलं खरं, पण त्यांना आठवत होती ती 78 यार्डांची धाव. त्या वर्षी क्वार्टरबॅकांनी त्याच्या बाजूला पास टाकायचं किती वेळा टाळलं, ते कुठल्या मतपत्रिकेवर दिसणार? तरीही वुडसनच योग्य होता. मॅनिंग उत्तम क्वार्टरबॅक होता आणि तसे त्या वर्षी आणखीही होते. मैदानाचा अर्धा भाग समोरच्या संघासाठी बंद करणारा दुसरा कोणी नव्हता.

शेवटचा मुक्काम पॅसाडीना, रोझ बोलचा सामना, 1 जानेवारी 1998. वॉशिंग्टन स्टेट 7-0 असं पुढे आहे आणि रायन लीफ दुसरा टचडाउन करायला निघाला आहे. पास वुडसनच्या दिशेने जातो. त्या मोसमातली ही त्याची आठवी चोरी, मिशिगनमधली अठरावी. मिशिगन 21-16 असं जिंकतं, बारापैकी बारा. पत्रकारांच्या मतदानात ते राष्ट्रीय विजेते ठरतात, 1948 नंतर पहिल्यांदा. प्रशिक्षकांच्या मतदानात मात्र नेब्रास्का. दोन विजेते, दोघेही अपराजित, आणि दोघांची गाठ कधी पडलीच नाही. अशा सोयीस्कर गोंधळात फक्त अमेरिकन कॉलेज फुटबॉलच समाधानी राहू शकतं.

वुडसनने एक वर्ष शिल्लक असताना कॉलेज सोडलं. व्यावसायिक संघांच्या एप्रिलच्या निवडीत मॅनिंग पहिला, लीफ दुसरा, वुडसन चौथा. 2021 मध्ये तो आणि मॅनिंग एकाच दिवशी, एकाच तुकडीत व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. वुडसनची ओळख करून द्यायला त्याची आई जॉर्जिया होती.

आता फोन चालू करा. वुडसननंतर 2012 मध्ये मॅन्टाय टेओ आणि 2021 मध्ये मिशिगनचाच एडन हचिन्सन हे बचावपटू हाइस्मनच्या मतदानात दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचले आणि तिथेच थांबले. 2024 मध्ये कोलोरॅडोच्या ट्रॅव्हिस हंटरला ती ट्रॉफी मिळाली. तो कॉर्नरबॅक आहे, पण तितकाच वेळ रिसीव्हर म्हणूनही खेळत होता. केवळ बचाव करणाऱ्याला ही ट्रॉफी आजपर्यंत मिळालेली नाही.